कुळथाचं अँटी-ए१ लेक्टिन ए२ पेशींनाही धरतंय, ओ पेशींतही १+, कुठे बिघडतंय?

तेरेखोल:

नमस्कार मंडळी. एका रक्तदात्याचं फॉरवर्ड ग्रुपिंग (त्याच्या पेशी, ओळखीच्या अँटिबॉडी) आणि रिव्हर्स ग्रुपिंग (त्याचा प्लाझ्मा, ओळखीच्या पेशी) जुळत नाही. पुंजक्यांचा जोर ० ते ४+ असा लिहिलाय. ट्यूब पद्धत, ३% पेशी, सलाईनने तीनदा धुतलेल्या.

फॉरवर्ड: अँटी-ए ४+, अँटी-बी ०, अँटी-ए,बी ४+, अँटी-डी ४+
रिव्हर्स: ए१ पेशी १+, बी पेशी ४+, ओ पेशी ०
ऑटो कंट्रोल (दात्याचाच प्लाझ्मा, त्याच्याच पेशी): ०

दाता चाळिशीतला, निरोगी, त्याला कधी रक्त चढवलेलं नाही. रिव्हर्सच्या पेशी एकेका दात्याच्या आहेत, पूल केलेल्या नाहीत. पहिला संशय अर्थातच ए२ (ए गटाचा कमजोर उपगट; नेहमीचा तो ए१) आणि सोबत ए१ पेशींविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे अँटी-ए१, असा. ए१ ओळखणारं विकतचं लेक्टिन (पेशीवरच्या साखरेला धरून पुंजके करणारं, बियांतलं प्रथिन) संपलंय आणि नवीन यायला वेळ आहे. कुळथापासून ते करता येतं म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कुळीथ आणले. दाणे मिक्सरमध्ये बारीक दळले, तिप्पट सलाईनमध्ये रात्रभर टेबलावर ठेवले आणि सकाळी वरचं पाणी तसंच वापरलं. ए१ पेशी ४+, ए२ पेशी ३+, ओ पेशी १+. दात्याच्या पेशी ४+. या आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अर्क नीट कसा करायचा? आणि ए१ व ए२ या दोन्ही पेशींवर शेवटची साखर एकच, एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसमिन. मग एकच लेक्टिन त्यांच्यात फरक कसा करतं?


झुवारी_काठ:

तेरेखोल बाब, तुमचा अर्क वाया गेलेला नाही. ए२ ला ३+ येणं हे कच्च्या अर्काचं नेहमीचंच वागणं आहे, त्यावर उपाय डायल्युशन, म्हणजे अर्क पातळ करणं. ओ पेशींतलं १+ मात्र वेगळ्या कारणाने आलंय. आधी तेच बघू.

कुळथाच्या लेक्टिनला ओ पेशींवर धरायला काही नसतं. तरी पुंजके दिसत असतील तर तीन शक्यता. एक, अर्क गाळलेला नाही, त्यामुळे पिठाचे कण पेशींना अडकवून खोटे पुंजके दाखवतात. थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, मधोमध कण दिसेल. दोन, तपकिरी सालातलं टॅनिन. टॅनिन कुठल्याही गटाच्या तांबड्या पेशींना चिकटवतं, त्याला रक्तगटाशी देणंघेणं नाही. तीन, सेंट्रिफ्यूज जास्त वेगाने किंवा जास्त वेळ फिरला.

आता कृती.

कच्चे, न भाजलेले, कीड न लागलेले दाणे घ्या. पिठीसाठी भाजून दळलेलं तयार पीठ चालत नाही, कारण भाजताना लेक्टिनचं प्रथिन मोडतं. मोड आलेलेही नकोत. साधारण ५० ग्रॅम दाणे निवडून दोनतीन पाण्यांनी धुवा आणि लगेच निथळून कोरडे करा. साल काढता आलं तर उत्तम: दाणे जात्यावर किंवा खलात नुसते भरडून सुपात पाखडले की बरंच साल उडून जातं. मग जाडसर वाळूइतकी भरड करा. मैद्यासारखं दळू नका, कारण बारीक पीठ खाली बसत नाही, गाळणी तुंबते आणि स्टार्चमुळे अर्क दुधाळ राहतो. मिक्सर सलग चालवला तर भांडं तापतं, म्हणून थांबत थांबत फिरवा.

भरडीच्या आकारमानाच्या तीन ते चार पट ०.९% सलाईन (एक लिटरला ९ ग्रॅम मीठ), शक्यतो बफर केलेलं, पीएच ७.२ च्या आसपास. दाणे फुगून बरंच पाणी पितात, त्यामुळे चौपट घेतलंत तरी निम्म्याच्या आसपास हाती येईल. डिस्टिल्ड वॉटर वापरू नका, पुढे तपासणीत पेशी फुटतील. खोलीच्या तापमानाला चार ते बारा तास ठेवायचं असं पुस्तकात असतं, पण ते थंड देशातल्या खोलीचं तापमान. आपल्याकडे मे महिन्यात किंवा पावसाळ्यात एसी नसलेल्या खोलीत रात्रभर ठेवलं तर सकाळी आंबूस वास येतो. एसी असेल तर चार तास अधूनमधून ढवळत ठेवा, नसेल तर रात्रभर २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये. वास आला किंवा फेस दिसला तर सरळ ओतून द्या. जिवाणूंचे एन्झाइम पेशींवरच्या साखरा कुरतडतात, आणि मग तुम्ही काय तपासताय तेच कळेनासं होतं.

पुढे आधी मलमलीतून गाळा आणि वरचं पाणी ३००० आरपीएमला १५ ते २० मिनिटं फिरवा. स्वच्छ भाग अलगद काढून फिल्टर पेपरमधून गाळा. उजेडात धरल्यावर पलीकडचं अक्षर वाचता आलं पाहिजे. थोडी पिवळसर छटा चालते, ढगाळपणा नाही.

आता मुख्य काम. दहा ट्यूबमध्ये सलाईनने दुप्पट-दुप्पट डायल्युशन करा: १:२, १:४, १:८ असं १:१०२४ पर्यंत. एकेका डायल्युशनचा एक थेंब आणि ३% पेशींचा एक थेंब. पेशी पाच प्रकारच्या: ए१, ए१बी, ए२, ए२बी आणि ओ, प्रत्येकी किमान दोन वेगळ्या दात्यांच्या. मिसळा, लगेच १००० आरपीएमला एक मिनिट फिरवा, हलकेच उचलून वाचा. ज्या डायल्युशनला ए१ आणि ए१बी दोन्ही ३+ किंवा ४+, आणि ए२, ए२बी, ओ तिन्ही शून्य, तेच तुमचं कामाचं डायल्युशन. कुळथाच्या वाणावर आणि दाणे किती जुने यावर हा आकडा बदलतो. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा वापरू नका, आणि मागच्या पोत्यावरचा आपलाच आकडाही नाही. ए१बी पेशींना वगळू नका: तिथे ए साखर थोडी कमी असते. नुसत्या ए१ वर बेतलेलं डायल्युशन ए१बी ला १+ वर आणून ठेवतं आणि तुम्ही त्याला ए२बी लिहून मोकळे होता.

ए२ पेशी ठरलेल्या हव्यात, म्हणजे पूर्वी विकतच्या लेक्टिनने तपासून नोंद केलेल्या दात्याच्या. कुळथाच्याच अर्काने ए२ ठरवायचा आणि त्याच पेशींवर अर्क प्रमाणित करायचा, याला तपासणी म्हणत नाहीत.

अर्क खरोखर लेक्टिनमुळे काम करतोय की टॅनिनमुळे, याची चाचणी सोपी आहे. ०.२ मोलर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसमिन, म्हणजे एक मिलिलिटर सलाईनला ४४ मिलिग्रॅम. अर्क आणि हे द्रावण समसमान घेऊन १५ मिनिटं ठेवा, मग ए१ पेशी घाला. शेजारी साखरेऐवजी नुसतं सलाईन घातलेली ट्यूब, आणि तिसऱ्या ट्यूबमध्ये तेवढंच ग्लुकोज (३६ मिलिग्रॅम). पहिली शून्य, बाकी दोन पॉझिटिव्ह आल्या तर लेक्टिन खरं. पहिलीतही पुंजके राहिले तर अर्कात आणखी काहीतरी आहे. ही साखर महाग असते, पण दर बॅचला अर्धा मिलिलिटर पुरतो.

साठवण: न पातळ केलेला अर्क एकेक मिलिलिटरच्या शिशांत उणे २० अंशांवर. लागेल तेवढीच शिशी वितळवायची, पुन्हा गोठवायची नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा तर ०.१% सोडियम अझाइड घाला. अझाइड विषारी आहे, आणि ते सिंकमध्ये ओतत राहिलं तर तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक क्षार साठतात. भरपूर पाण्याशिवाय कधीच ओतू नका. वापराच्या दिवशी ए१ आणि ए२ दोन्ही कंट्रोल, वहीत नोंद, आणि बॅच वापरात घेण्याआधी तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची व्हॅलिडेशनवर सही.


म्हादई:

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की डायल्युशन का करायचं हेही कळतं.

तांबड्या पेशीच्या पडद्यातून ‘बँड ३’ नावाचं प्रथिन आरपार जातं. एका पेशीवर त्याच्या सुमारे १० लाख प्रती. क्लोराइड आणि बायकार्बोनेटची अदलाबदल हे त्याचं काम. त्याच्या बाहेरच्या बाजूला, ६४२ क्रमांकाच्या अ‍ॅस्परॅजिनवर, साखरेची एकच लांब, फांद्या फुटलेली साखळी असते. ए, बी, एच अँटिजेनांचा सर्वात मोठा साठा याच साखळीच्या टोकांवर. ग्लुकोज आत नेणाऱ्या ग्लूट-१ वर आणि पडद्यातल्या ग्लायकोलिपिडांवरही ते असतात. (डी अँटिजेन याच्या अगदी उलट: आरएच प्रथिनांवर साखर नसतेच, म्हणून तिथे लेक्टिन चालवायचा प्रश्न येत नाही.)

टोकाला गॅलॅक्टोज असतो. एफयूटी१ जनुकाचं एन्झाइम त्याच्या दुसऱ्या कार्बनवर फ्युकोज बसवतं, तो झाला एच. ओ गटात गोष्ट इथेच थांबते. ए एन्झाइम त्याच गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसमिन जोडतं, बी एन्झाइम गॅलॅक्टोज. दोन साखरांत फरक एकाच जागेचा: दुसऱ्या कार्बनवर अ‍ॅसिटिल-अमिनो गट की साधा हायड्रॉक्सिल. आणि दोन एन्झाइमांत फरक चार अमिनो आम्लांचा: १७६, २३५, २६६ आणि २६८. सगळी रक्तपेढी या चार जागांवर उभी आहे.

आता ए२. त्याच्या जनुकात १०६१ व्या जागेजवळचा एक सी गळालेला असतो. वाचनाची चौकट सरकते, थांबायची खूण चुकते आणि एन्झाइमच्या शेवटी २१ अमिनो आम्लांचं शेपूट लागतं. शेपटामुळे एन्झाइम मंदावतं, त्याला लागणारा पीएचही वेगळा: ए१ एन्झाइम ६ च्या आसपास जोरात चालतं, ए२ एन्झाइम ७ ते ८ मध्ये. परिणाम दोन.

एक, संख्या. प्रौढ ए१ पेशीवर साधारण ८ ते १२ लाख ए जागा, ए२ पेशीवर अडीच लाखांच्या आसपास. उरलेल्या जागी एच तसाच पडून असतो, म्हणून घाणेरीसारखं काटेरी युरोपी झुडूप युलेक्स युरोपियस याच्या बियांचं अँटी-एच लेक्टिन ए२ ला जोरात आणि ए१ ला जेमतेम धरतं. ओ, मग ए२, मग बी, शेवटी ए१ आणि ए१बी असा त्याचा उतरता क्रम.

दोन, प्रकार. ए साखर बसल्यावर ए१ पेशीत तीच साखळी आणखी एका फेरीने लांबते: वर गॅलॅक्टोज, त्यावर फ्युकोज, आणि पुन्हा ए साखर. ही टाइप ३ साखळी. ए२ एन्झाइमला ही दुसरी फेरी झेपत नाही, त्याची गाडी फ्युकोजपाशी अडते. ए२ माणसाच्या शरीरात हे ए१ चं वेगळं टोक कधी दिसलेलंच नसतं, म्हणून तर त्यातले काही अँटी-ए१ तयार करतात: ए२ मध्ये साधारण १ ते ८%, ए२बी मध्ये २२ ते ३५%. फरक नुसत्या संख्येचा असता तर हे घडायचं कारण नव्हतं.

कुळथाचं लेक्टिन चार उपघटकांचं प्रथिन आहे आणि ते टोकाच्या अल्फा-जोडणीच्या एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसमिनला धरतं. ए२ वरही ते बसतंच. ए२ पेशी पातळ अर्कात ठेवून धुतल्या आणि त्यावरचं काढून घेतलं तर त्यात लेक्टिन सापडतं. पण बसणं वेगळं आणि पुंजका होणं वेगळं. ग्लायकोफोरिनांवरच्या सियालिक आम्लामुळे प्रत्येक तांबडी पेशी ऋणभारित असते आणि शेजारणीला दूर ढकलते. हा विरोध मोडायला पुरेसे पूल एकाच वेळी बांधले जावे लागतात. दाट अर्कात ए२ वरच्या अडीच लाख जागाही पुरतात. पातळ करत गेलात की एक पायरी अशी येते जिथे ए१ वरचे पूल पुरतात आणि ए२ वरचे तुटतात. झुवारी_काठ यांनी सांगितलेलं कामाचं डायल्युशन म्हणजे हीच पायरी. म्हणूनच सेंट्रिफ्यूजचा वेळ वाढवला किंवा पेशींना आधी पपेन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) लावलं तर ए२ पुन्हा पॉझिटिव्ह होतात: पपेन सियालिक आम्लासकट ग्लायकोफोरिनचा बाहेरचा भाग कापतं आणि विरोधच कमी होतो.

कुळथाचा हा गुण जॉर्ज बर्ड यांनी १९५१ मध्ये भारतात काम करत असताना नोंदवला. बाजारातल्या बाटलीवर डॉलिकोस बायफ्लोरस असं नाव वाचाल, ते आपलेच कुळीथ.


साळावली:

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, नुसती वाचतेय. घरी आठवड्यातून दोनदा कुळथाचं सार होतं आणि आमच्याकडे सगळे ए पॉझिटिव्ह. याने रक्तात गुठळ्या होतील का?


कुशावती:

साळावलीताई, बिनधास्त खा. लेक्टिन प्रथिन आहे, सारासाठी कुळीथ शिजवले की ते निकामी होतं. वरचा सगळा प्रकार कच्च्या दाण्याचा, आणि काचेच्या ट्यूबमधला.

तेरेखोल यांच्यासाठी काही इशारे. लेक्टिनचं उत्तर वाचताना फसायच्या जागा आहेत.

नवजात बाळाच्या किंवा नाळेच्या रक्तावर ए१/ए२ ठरवू नका. बाळाच्या पेशींवरच्या साखळ्या सरळसोट असतात, फांद्या फोडणारं एन्झाइम दोनेक वर्षांत कामाला लागतं. फांद्या नाहीत म्हणजे टोकं कमी, म्हणजे ए१ बाळही ए२ सारखं वागतं.

कुळीथ फक्त ए१ ला धरतात असंही नाही. टीएन नावाचा दोष असला की पेशीवर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसमिन उघडा पडतो. कॅड हा दुर्मीळ अँटिजेन असलेल्या पेशींवरही हीच साखर टोकाला असते. अशा पेशी ओ गटाच्या असल्या तरी कुळथाने पुंजके होतात. फॉरवर्डमध्ये अँटी-ए शून्य आणि लेक्टिन ४+ असं चित्र दिसलं तर ए१ लिहायचा मोह आवरा. भुईमुगाचं आणि सोयाबीनचं लेक्टिन लावून बघा. भुईमूग टी अँटिजेनला धरतो, टीएन ला धरत नाही.

नुकतंच ओ रक्त चढवलेल्या रुग्णाच्या नमुन्यात मिश्र चित्र दिसेल: थोडे पुंजके, बाकी सुट्या पेशी. त्याला कमजोर ए समजू नका.

आतड्याचा कर्करोग किंवा जंतुसंसर्ग असलेल्या ए१ रुग्णात कधीकधी अँटी-बी ही अर्धवट येतं. जिवाणूंचं एन्झाइम ए साखरेवरचा अ‍ॅसिटिल गट काढून टाकतं, उरलेली साखर बी सारखी दिसते. अँटी-बी चा पीएच ६ वर आणला की ही खोटी बी नाहीशी होते. तुमचा दाता निरोगी आहे, बी शून्य आहे, तेव्हा इथे लागू नाही.

आणि रिव्हर्समध्ये ओ पेशी ठेवल्यात याचं मनापासून कौतुक. बऱ्याच ठिकाणी खर्च वाचवायला नुसत्या ए आणि बी पेशी लावतात. १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत जो बॉम्बे गट शोधला, त्यात एच च नसतो. फॉरवर्ड ओ सारखं दिसतं, आणि उघडं पडतं ते फक्त ओ पेशींवर: तिथे ४+, तेही ३७ अंशांना. ओ पेशी नसतील तर तो माणूस ओ म्हणून नोंदला जातो आणि ओ रक्त देऊन त्याचा जीव धोक्यात येतो. अशा माणसाला फक्त बॉम्बे रक्त चालतं.

तुमच्या नमुन्यात आता रिव्हर्स वाढवा. तीन वेगळ्या ए१ दात्यांच्या, दोन-तीन ए२ दात्यांच्या आणि तीन ओ दात्यांच्या पेशी. २२ अंश, ४ अंश आणि ३७ अंश, तिन्ही तापमानांना, ऑटो कंट्रोलसकट. खोली तापलेली असेल तर २२ अंश मुद्दाम पाण्याच्या भांड्यात राखा: हे अँटिबॉडी थंडीत जोर धरतात आणि ३२ अंशांच्या खोलीत हरवून जातात.


तेरेखोल:

सगळ्यांचे आभार. साल पाखडून, फ्रिजमध्ये ठेवून, गाळून नवा अर्क केला. ओ पेशी सगळ्या डायल्युशनना शून्य. कामाचं डायल्युशन १:३२ निघालं: ए१ ४+, ए१बी ३+, ए२ ०, ए२बी ०. साखरेची चाचणीही बरोबर आली.

पण उत्तर मी धरलं होतं त्याच्या उलट. दात्याच्या पेशी १:३२ ला ४+. म्हणजे तो ए१ च आहे. आणि वाढवलेलं रिव्हर्स, २२ अंशांना:

ए१ पेशी: पहिल्या १+, दुसऱ्या २+, तिसऱ्या ०
ए२ पेशी: पहिल्या ०, दुसऱ्या १+
ओ पेशी: पहिल्या (आधीच्याच) ०, दुसऱ्या २+, तिसऱ्या १+
ऑटो कंट्रोल ०

४ अंशांना सगळं एकेका पायरीने वाढतं, शून्य ते शून्यच. ३७ अंशांना आणि कूम्ब्समध्ये (पेशीवर बसलेली पण पुंजका न करणारी अँटिबॉडी दाखवणाऱ्या चाचणीत) सगळं शून्य. आता हे काय?


झुवारी_काठ:

आता चित्र स्वच्छ झालं. अँटी-ए१ असता तर तिन्ही ए१ पॉझिटिव्ह, सगळ्या ए२ आणि ओ निगेटिव्ह आल्या असत्या. इथे गटाशी संबंधच नाही. काही दात्यांच्या पेशी पॉझिटिव्ह, काहींच्या निगेटिव्ह, आणि पॉझिटिव्हमध्येही १+ आणि २+ असे दोन दर्जे. थंडीत जोर, ३७ ला गप्प, कधी रक्त न घेतलेला माणूस. माझा पहिला अंदाज अँटी-एम, म्हणजे ए-बी-ओ हून वेगळ्या एम अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी. अशाच दुसऱ्या अँटिजेनांविरुद्धच्या अँटी-पी१ आणि अँटी-लुईस-ए यांनाही यादीत ठेवा. अँटी-आय असता तर एकही प्रौढ पेशी सुटली नसती. अँटी-आयएच असता तर ओ आणि ए२ सगळ्यांत जोरात आल्या असत्या.

तुमची पहिली ए१ पेशी एम पॉझिटिव्ह आणि पहिली ओ पेशी एम निगेटिव्ह निघाली, हा निव्वळ योगायोग. त्या योगायोगाने चित्र हुबेहूब अँटी-ए१ चं झालं. पूल केलेल्या पेशी असत्या तर दोन्हींत अर्धवट काहीतरी दिसलं असतं.

पुढचं असं करा. या आठही पेशींचं आणि दात्याचं अँटी-एम, अँटी-एन ने टायपिंग. दाता एम निगेटिव्ह निघालाच पाहिजे, नाहीतर अंदाज बाद. शून्य आलेल्या तिन्ही पेशी एम निगेटिव्ह, बाकी पाच एम पॉझिटिव्ह, आणि २+ वाल्या एन निगेटिव्ह (म्हणजे दोन्ही जनुकं एम ची) निघाल्या तर संशय उरत नाही.


म्हादई:

याला पपेनचा पुरावा जोडा, कारण इथे पडद्याची रचनाच उत्तर देते.

एम आणि एन हे ग्लायकोफोरिन-ए च्या अगदी बाहेरच्या टोकावर असतात. पहिली पाच अमिनो आम्लं बघा: एम मध्ये सेरीन, सेरीन, थ्रिओनीन, थ्रिओनीन, ग्लायसीन, एन मध्ये ल्युसीन, सेरीन, थ्रिओनीन, थ्रिओनीन, ग्लुटामिक आम्ल. पहिलं आणि पाचवं तेवढं वेगळं, मधल्या तिघांवर सियालिक आम्लवाल्या छोट्या साखरा. पपेन हे टोकच कापून नेतं. म्हणून अँटी-एम पपेन लावलेल्या पेशींवर शून्य होतो. अँटी-पी१ आणि अँटी-लुईस उलट वाढतात, कारण त्यांचे अँटिजेन साखरेचे, ग्लायकोलिपिडांवरचे, पपेनच्या तावडीबाहेरचे.

धुतलेल्या दाबून बसवलेल्या पेशी आणि ०.१% पपेन समसमान, ३७ अंशांना १५ मिनिटं. नेमका वेळ तुमच्या पपेनच्या बॅचवर ठरतो. मग भरपूर सलाईनने तीनदा धुवा आणि ३% सस्पेन्शन करा. कंट्रोल दोन: त्याच पेशी व्यापारी अँटी-एम बरोबर शून्य झाल्या पाहिजेत, आणि एबी गटाच्या, अँटिबॉडी नसलेल्या सीरममध्येही शून्यच राहिल्या पाहिजेत. दुसरा बिघडला तर पेशी जास्त कापल्या गेल्यात, पुंजका काहीच सांगत नाही.

अँटी-एम क्षीण असेल तर प्लाझ्माचा पीएच ६.५ पर्यंत खाली आणून पुन्हा लावा, बरेच अँटी-एम आम्लात वाढतात. अँटी-एम चं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल त्याच पीएचला लावायचं विसरू नका.

लेक्टिनचं काम वाया गेलं असं समजू नका. त्यानेच दाता ए१ ठरला, नाहीतर वहीत ‘ए२, अँटी-ए१’ अशी नोंद होऊन फाइल बंद झाली असती.


तेरेखोल:

टायपिंग झालं. दाता एम निगेटिव्ह, एन पॉझिटिव्ह. शून्य आलेल्या तिन्ही पेशी एम निगेटिव्ह, पाचही पॉझिटिव्ह एम पॉझिटिव्ह. २+ वाल्या दोन्ही एन निगेटिव्ह. पपेननंतर पाचही पेशी शून्य, कंट्रोल बरोबर. आता नोंद कशी करू आणि पिशवीचं काय?


झुवारी_काठ:

गट: ए पॉझिटिव्ह. रिव्हर्स एम निगेटिव्ह ए१ पेशींवर पुन्हा लावून शून्य आल्याचं लिहा, म्हणजे फॉरवर्ड-रिव्हर्स जुळल्याची नोंद होते. शेरा: थंडीत काम करणारा अँटी-एम, ३७ अंशांना आणि कूम्ब्समध्ये निगेटिव्ह. ए१ असल्याचं नोंदवहीत ठेवा, पिशवीच्या लेबलवर उपगट लिहायची गरज नाही.

तांबड्या पेशी वापरता येतात, त्यात प्लाझ्मा थोडाच उरतो. प्लाझ्मा आणि प्लेटलेट बाजूला ठेवून तुमच्या एसओपीप्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. दात्याला लेखी कार्ड द्या. उद्या त्यालाच रक्त लागलं तर क्रॉसमॅच ३७ अंशांना करायचा. तिथे जुळलं तर एम बघायची गरज नाही. ३७ ला किंवा कूम्ब्सला पॉझिटिव्ह आलं तरच एम निगेटिव्ह ए किंवा ओ पिशवी शोधायची. हृदयशस्त्रक्रियेत शरीर थंड करणार असतील तर भूलतज्ज्ञांना ही नोंद आधीच कळली पाहिजे.

आणि तुमच्या रिव्हर्सच्या पेशी देणाऱ्या दात्यांचं एम, एन, पी१, लुईस टायपिंग एकदा करून डब्यावर चिकटवा. पुढच्या वेळी असा नमुना आला की निम्मा शोध लेबल वाचूनच होईल.


तेरेखोल:

डब्यांपासून आजच सुरुवात करतो. देव बरें करूं.


कुशावती:

डब्यावर तारीखही घाला. जुन्या पेशींत पी१ आणि लुईस सगळ्यांत आधी क्षीण होतात, आणि मग टायपिंग बरोबर असूनही ट्यूब शून्य दाखवते.